एक हेक्टर जागेत साठ घरं बसवायची आहेत, पण मधे संकटग्रस्त जातीची सात जुनी झाडं आहेत. दोन्ही जमेल का?

जमेल, पण लेआउट पुन्हा काढावा लागेल. तुम्ही लिहिलंय की आर्किटेक्टच्या नकाशात सातपैकी चार झाडं जागच्या जागी राहतात आणि रस्त्यात येणारी तीन उचलून कोपऱ्यात लावायची आहेत. त्या तिघांबद्दल पुढे बोलतो. आधी जी चार वाचली असं तुम्ही धरून चालला आहात, त्यांच्याकडे बघू. नकाशावर ती बहुधा हिरवे ठिपके म्हणून काढलेली असतील आणि बुंध्यापासून दीड-दोन मीटरवर रस्त्याची कड किंवा कंपाउंडची भिंत असेल. अशी झाडं बांधकाम चालू असताना छान हिरवीगार दिसतात. तीन ते सात वर्षांत शेंडा वाळायला लागतो, मग एकेक फांदी जाते, आणि तोवर ठेकेदाराचं शेवटचं बिलही निघालेलं असतं. सगळे म्हणतात कीड लागली. लागतेही, पण मुळं तुटून अशक्त झालेल्या झाडाला.

वर जेवढं झाड तेवढंच खाली, असं सर्रास म्हटलं जातं. मोठ्या झाडांच्या बाबतीत ते खरं नाही. पाणी आणि अन्न शोषणारी बहुतांश मुळं वरच्या ६० सेंटिमीटर मातीत असतात आणि ती आडवी पसरतात, फांद्यांच्या विस्ताराच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंतसुद्धा. रस्त्याच्या बॉक्स कटिंगसाठी (खडी भरण्याआधीच्या खोदाईसाठी), ड्रेनेजसाठी, केबलसाठी आपण जो थर उकरतो, नेमका तोच हा थर. त्यामुळे या कामात वाचवायची असते ती बुंध्याभोवतीची माती.

किती माती, याचा हिशेब टेपने होतो. जमिनीपासून १.३ ते १.५ मीटर उंचीवर (देशोदेशीच्या मानकांत एवढा फरक आहे) बुंध्याचा घेर मोजा, ३.१४ ने भागा, व्यास मिळाला. व्यासाची १२ पट म्हणजे मूळ-संरक्षण वर्तुळाची त्रिज्या. ब्रिटनचं बीएस ५८३७ आणि ऑस्ट्रेलियाचं एएस ४९७० ही दोन्ही मानकं हाच गुणक वापरतात आणि कमाल त्रिज्या १५ मीटर धरतात. घेर १८८ सेंटिमीटर असेल तर व्यास ६०, त्रिज्या ७.२ मीटर आणि क्षेत्र सुमारे १६३ चौरस मीटर. एकाच बुडातून दोन-तीन खोडं आली असतील तर प्रत्येकाच्या व्यासाचा वर्ग करून बेरीज करा आणि तिचं वर्गमूळ घ्या, तो एकत्रित व्यास. फार जुन्या, ढोलीच्या झाडांना १२ पट अपुरं पडतं. तिथे १५ पट किंवा फांद्यांच्या कडेपासून ५ मीटर पुढे, यातलं जे मोठं ते घ्यावं. साइटवर अंदाज घ्यायचा असेल तर घेराची चौपट हे लक्षात ठेवायला सोपं आहे.

आता तुमच्या जागेवर बसवून बघा. सातही झाडांचा व्यास ७० सेंटिमीटर धरला तर १२ पटीने प्रत्येकी २२२ चौरस मीटर, म्हणजे मिळून साधारण १,५५० चौरस मीटर. हेक्टरच्या साडेपंधरा टक्के. १५ पट धरलं तर सुमारे २,४२५, जवळजवळ पाव जागा. जवळजवळ असलेल्या झाडांची वर्तुळं एकमेकांवर येतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा यापेक्षा कमी भरेल. दुसऱ्या बाजूला, साठ सुटी बैठी घरं, प्रत्येकाचा पाया ७० चौरस मीटर, म्हणजे ४,२०० चौरस मीटर जमीन झाकली जाते. तीच घरं एकावर एक अशी दुमजली केली की २,१०० चौरस मीटर मोकळे होतात. एवढा एक बदल बहुतेक भांडण मिटवतो. शिवाय लेआउटमध्ये मोकळी जागा ठेवावीच लागते. ती उरलेल्या तिरप्या तुकड्यांत टाकण्याऐवजी वर्तुळांवर आणा. फक्त मुलांचं मैदान तिथे नको. रोजच्या धावपळीने माती रस्त्यासारखी घट्ट होते. आणि मजला वाढवला म्हणून बेसमेंट घेऊ नका: खोल खोदाई आणि तिच्यातून महिनोन्‌महिने उपसलेलं पाणी दूरच्या झाडाचीही ओल पळवतं.

हे सगळं करण्याआधी झाडांची ओळख पक्की करा. वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून, शक्यतो फुला-फळांच्या हंगामात, नमुना घेऊन. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत 'संकटग्रस्त' लिहिलेलं असणं हा स्वतःहून कायदा नाही; तोडायला परवानगी लागते की नाही हे तुमच्याकडचा वृक्ष-कायदा ठरवतो. आणि यादी रानातल्या, नैसर्गिक अवस्थेबद्दल बोलते. गिंको यादीत संकटग्रस्त आहे, तरी जगभरच्या शहरांत रस्त्याकडेला लावलेला असतो. माँटेरी पाइनही संकटग्रस्त, आणि त्याची लागवड लाखो हेक्टरांवर. तुमची झाडं कुणी रोपवाटिकेतून आणून लावलेली असतील तर एखाद्या झाडावर तडजोड होऊ शकते. आपोआप उगवलेली, मूळच्या जंगलाची शिल्लक असतील तर माझ्या मते नाही. काही जातींत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. सातांत दोनच माद्या असतील आणि नेमक्या त्याच रस्त्यात येत असतील, तर उरलेली पाच झाडं पुढे एकही बी देणार नाहीत. हा तपशील लेआउटच्या आधी हातात हवा.

झाडांच्या जागा टोटल स्टेशनने (अंतर-कोन मोजणाऱ्या सर्वेक्षणाच्या यंत्राने) घ्या. बुंध्याची पातळीही घ्या, कारण पुढे भराव-कटाईचा निर्णय तिच्यावर ठरतो. मग कोऱ्या नकाशावर आधी वर्तुळं, नंतर रस्ता, मग सर्व्हिस लाइन्स, शेवटी घरं. घर वर्तुळाच्या काठाला चिकटवू नका. खिडकीवर सावली, छपरावर पानगळ, वादळात फांदीची भीती, आणि पाच वर्षांत रहिवासी छाटणीचा अर्ज घेऊन उभे. फांद्या अजून वाढणार आहेत हे धरून अंतर सोडा.

साइटवर सगळ्यात पहिलं काम म्हणजे कुंपण. जागा साफ करायला जेसीबी येण्याआधी ते उभं असलं पाहिजे. लाल-पांढरी फीत हे कुंपण नव्हे, ती दुसऱ्या दिवशी चिखलात असते. दोन मीटर उंच वेल्डमेशचे पॅनेल, पाइपच्या चौकटीला आवळलेले, खांब जमिनीत किमान ६० सेंटिमीटर. आत काहीही नाही: विटा नाहीत, सिमेंट नाही, डिझेलचे बॅरल नाहीत, कामगारांची शेड नाही. मिक्सर धुतलेलं पाणी तर अजिबात नाही. ओल्या सिमेंटच्या पाण्याचा सामू (पीएच) १२ च्या पुढे असतो, मुळं भाजून निघतात. अवजड गाडीमुळे माती दबते ती मुख्यतः पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच, त्यामुळे 'एकदाच डंपर जाऊ दे' या वाक्याला अर्थ नाही. दबलेल्या मातीतली हवा जाते, पाणी मुरत नाही आणि ती दुरुस्ती वर्षानुवर्षं चालते. जायलाच लागणार असेल तर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं मजबूत कापड), त्यावर १५ सेंटिमीटर लाकडाचे चुरे, त्यावर जोडलेल्या फळ्या. हे दोन टनांपर्यंतच्या यंत्राला पुरतं. त्याहून जड वाहनासाठी डिझाइन करून घ्या.

पातळी हा दुसरा छुपा मारेकरी. बुंधा जमिनीला मिळतो तिथे तो पायथ्याशी रुंद होत गेलेला दिसतो. तो भाग दिसेनासा झाला की झाड पुरलं गेलं. मुळांवर दहा-पंधरा सेंटिमीटर चिकट भरावही अनेक जातींना गुदमरवतो आणि खोडाला लागलेली ओली माती साल कुजवते. भोवती विटांची विहीर बांधून बाकी सगळं भरायचं, ही फार लाडकी युक्ती आहे. तिने खोड वाचतं, मुळं नाहीत.

पाया वर्तुळात शिरणारच असेल तर सलग चर खोदून स्ट्रिप फुटिंग (भिंतीखालचा पट्टीसारखा पाया) नको. कमी व्यासाचे पाइल (जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) आणि जमिनीच्या वर राहणारा बीम घ्या. पाइलच्या जागी आधी हाताने खड्डा घेऊन बघा. जाड मूळ लागलं तर पाइल तीस सेंटिमीटर सरकवता येईल अशी सूट डिझाइनमध्ये आधीच ठेवा, नाहीतर स्ट्रक्चरल इंजिनिअर ऐनवेळी हलत नाही. भोकाला स्लीव्ह (नळीसारखं अस्तर) टाका, म्हणजे ओलं काँक्रीट मातीत झिरपणार नाही. बीमवरच्या स्लॅबखाली माती कोरडी पडते, तिथे छपराचं पाणी आणि हवा पोचायची सोय हवी. वर्तुळातली पायवाट न खोदता, जिओसेलमध्ये (मधाच्या पोळ्यासारख्या प्लास्टिकच्या जाळीत) बारीक भुकटी नसलेली खडी भरून, पाणी झिरपू देणाऱ्या फरशीने करता येते. जमीन फुगणाऱ्या चिकणमातीची असेल तर आणखी एक गुंता: झाड पाणी ओढतं तेव्हा माती आकसते, आणि मोठं झाड काढलं की पुढची काही वर्षं माती फुगून पाया उचलते. झाड तोडल्याने इमारत सुरक्षित होते, हा समज अशा मातीत उलटा पडू शकतो. पायाची खोली त्या हिशेबाने ठरवा.

सर्व्हिस लाइन्सची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते, कारण त्या शेवटी येतात, वेगवेगळे ठेकेदार आणतात आणि कुंपण तोवर काढलेलं असतं. पाणी, वीज, ड्रेनेज, इंटरनेट या सगळ्यांसाठी वर्तुळांबाहेरून एकच सामायिक चर आखा. खरंच पर्याय नसेल तर जमिनीखालून आडवं बोअर, मुळांच्या थराच्या खालून, दोन्ही टोकांचे खड्डे वर्तुळाबाहेर. छोटं काम असेल तर हाताने किंवा दाबाच्या हवेने माती उडवून. २५ मिलिमीटरपेक्षा जाड मूळ वृक्षतज्ज्ञाला विचारल्याशिवाय कापायचं नाही, त्याखालून पाइप सरकवायचा. बारीक मूळ कापायचं तर धारदार करवतीने सरळ काप. उघडी मुळं गोणपाटाने झाकून त्याच दिवशी माती ओढा.

आता ती तीन झाडं. पुनर्रोपणाला मी जवळजवळ नाहीच म्हणेन. ४० सेंटिमीटर व्यासाच्या झाडालाही बुंध्याच्या दहापट, म्हणजे चार मीटर रुंदीचा मुळांचा गोळा लागतो. एक मीटर खोल धरला तर साडेबारा घनमीटर माती, वीस टनांच्या आसपास, वर झाडाचं वजन वेगळं. क्रेन तेवढं उचलेलही, पण शोषणारी बहुतांश मुळं खड्ड्याबाहेर राहिलेली असतात. नीट करायचं तर वर्षभर आधी टप्प्याटप्प्याने मुळं कापून नवी मुळं गोळ्यात फुटू द्यावी लागतात, हलवल्यावर कित्येक वर्षं पाणी आणि आधार द्यावा लागतो. थंड हवामानातला ठोकताळा आहे: दर २.५ सेंटिमीटर व्यासामागे सावरायला एक वर्ष. उष्ण भागात लवकर होतं, पण जुन्या, दुर्मीळ झाडावर हा जुगार खेळण्यापेक्षा रस्ता वळवणं स्वस्त. हलवलेल्या झाडाला पहिल्या वर्षी पालवी फुटली की फोटो छापून येतात. त्या पालवीला खोडातला साठा पुरतो, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

रस्ता वळवूनही एखादं जाणारच असेल, तर त्याच्या बदल्यात भलत्याच जातीची शंभर रोपं लावून हिशेब जुळत नाही. त्याच जातीची रोपं, त्याच परिसरातल्या अनेक मातृवृक्षांच्या बियांपासून. एकाच झाडाची बी घेतली तर सगळी भावंडंच. एका झाडावरच्या पिकलेल्या बियांपैकी वीस टक्क्यांहून जास्त उचलू नयेत. काही जातींची बी वाळवली की मरते, तिला साठवण चालत नाही, पडल्या पडल्या पेरावी लागते. म्हणून रोपवाटिकेची तयारी बांधकामाच्या आधीच्या हंगामात. जुन्या झाडांखाली आपोआप आलेली रोपं खुणेच्या काठ्या लावून राखा. लॉन केलं की पहिली कापणी त्यांची होते. तिथे लॉनऐवजी पाचोळा किंवा लाकडाच्या चुऱ्याचा पाच ते दहा सेंटिमीटर थर, बुंध्याला न टेकवता.

कागदावर दोन गोष्टी पक्क्या करून घ्या. पहिली, झाडं कुणाच्याही खासगी अंगणात येऊ देऊ नका, सोसायटीच्या सामायिक जमिनीत ठेवा आणि खरेदीखतात वर्तुळात खोदाई-फरसबंदीला मनाई लिहा. दुसरी, ठेकेदाराच्या करारात वृक्षसंरक्षणाची स्वतंत्र रक्कम रोखून ठेवा आणि ती ताबा दिल्यानंतर दोन-तीन वर्षांनी, झाडांची तपासणी करून सोडा. कुंपण उभारताना, पायाखोदाईला आणि सर्व्हिस लाइन्सच्या वेळी वृक्षतज्ज्ञ साइटवर हजर हवा, अशी तारीखवार अट घाला.

त्यानंतर दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेवरून प्रत्येक झाडाच्या शेंड्याचा फोटो घ्या, किमान सात वर्षं. शेंडा विरळ दिसायला लागला तर फवारणीवाल्याच्या आधी माती बघा: दबली आहे का, भर पडली आहे का, कुठे नवा चर गेला आहे का. दबलेली माती दाबाच्या हवेने सैल करून कंपोस्ट मिसळता येतं आणि कोरड्या दिवसांत खोलवर पाणी देता येतं. युरिया मात्र नको. मुळं कमी झालेल्या झाडाला पालवी वाढवायला लावलं तर ते आणखी लवकर थकतं.