'खण ज्वेलरी' हे नाव एकटीचं होऊ शकतं का? (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : नमस्कार ताई, मी खणाचे दागिने बनवते, ठुशी, चोकर, कानातले वगैरे, सगळं घरूनच, आणि इन्स्टा-व्हॉट्सॲपवर विकते. मागच्या आठवड्यात एका मोठ्या पेजवाल्या बाईंचा मेसेज आला की 'खण ज्वेलरी' हा आमचा ट्रेडमार्क आहे, हॅशटॅगसकट सगळ्या पोस्ट काढा नाहीतर लीगल ॲक्शन घेऊ. आमच्या ग्रुपमधल्या दोघींनी घाबरून काढल्यासुद्धा. संक्रांतीच्या ऑर्डरी तोंडावर आहेत. खणाच्या दागिन्याला खणाचा दागिना नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? की मीच ते नाव रजिस्टर करून टाकू? – एक वाचक, सातारा

उत्तर : पोस्ट लगेच काढू नका, आणि तावातावाने भांडूही नका. एकच ओळ पाठवा, 'कृपया ट्रेडमार्कचा ॲप्लिकेशन नंबर आणि क्लास (म्हणजे नोंद कुठल्या प्रकारच्या मालासाठी आहे ते) कळवा.' अर्ज केला असेल तर नंबर असतोच, आणि बऱ्याचदा गाडी इथेच थांबते.

नंबर आला तर आयपी इंडियाच्या, म्हणजे सरकारी ट्रेडमार्क ऑफिसच्या, साइटवर पब्लिक सर्चमध्ये टाका, फुकट आहे. तीन गोष्टी बघा. क्लास कुठला, कारण दागिने, अगदी इमिटेशनसुद्धा, 14 मध्ये येतात, कापड 24 मध्ये आणि कपडे 25 मध्ये. मग स्टेटस, तिथे 'ऑब्जेक्टेड' दिसलं तर समजा की ऑफिसनेच हरकत घेतलीये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नुसते शब्द नोंदवलेत की लोगो, कारण लोक काय करतात, कमळाचं चित्र, नथीचं चित्र असं काहीतरी लावून त्याखाली 'खण ज्वेलरी' लिहितात, तो अख्खा लोगो पास होतो, आणि मग सगळीकडे सांगत सुटतात की शब्द आमचा. तसं नसतं. कलम 17 प्रमाणे हक्क त्या पूर्ण चिन्हावर मिळतो, त्यातल्या सगळ्यांच्या वापरातल्या शब्दावर वेगळा नाही.

मुळात 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात कलम 9 आहे, की माल काय आहे, कशाचा आहे एवढंच सांगणारा शब्द, किंवा त्या धंद्यात सगळेच वापरतात तो शब्द, सहसा नोंदवता येत नाही. खण तर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या मागांवरून येतो, आपल्या आज्या-पणज्यांनी त्याच्या चोळ्या घातल्यात. नोंद झालीच असली तरी कलम 30 आणि 35 तुमच्या बाजूने आहेत, प्रामाणिकपणे मालाचं वर्णन म्हणून शब्द वापरला तर ते उल्लंघन नाही. अपवाद आहे, वर्षानुवर्षं वापरून तो शब्द एकाच ब्रँडची ओळख झाला असेल तर नोंद मिळू शकते, पण अख्ख्या बाजारात खणाचे दागिने विकले जात असताना हे सिद्ध करणं फार अवघड.

'शुगर फ्री'वरून एका औषध कंपनीने अमूलला दिल्ली हायकोर्टात खेचलं होतं, आइस्क्रीमसारख्या डेझर्टच्या पॅकवर ते शब्द होते म्हणून. कोर्टाने शब्द वापरायला मनाई केली नाही, पण ते अमूलच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत नकोत असं सांगितलं. तुम्हीही हेच करा, तुमच्या पेजचं नाव ठळक आणि 'खणाचे दागिने' खाली लहान. अमेरिकेत 2018 मध्ये एका लेखिकेने रोमान्स कादंबऱ्यांसाठी 'कॉकी' हा साधा शब्द नोंदवून इतरांना पुस्तकांची नावं बदलायला सांगितलं, लेखक संघटना मध्ये पडली, न्यूयॉर्कच्या कोर्टाने मनाई हुकूम नाकारला आणि काही आठवड्यांत तिने तो ट्रेडमार्क सोडून दिला. तिथेही सुरुवातीला काहींनी भीतीपोटी नावं बदललीच होती.

खरी अडचण कोर्टाची नाही, रिपोर्टची आहे. त्या बाईंनी इन्स्टाला रिपोर्ट केला तर पोस्ट उडू शकते, तिथे काही न्यायाधीश बसलेला नसतो. म्हणून जुन्या पोस्ट, बिलं, खण खरेदीच्या पावत्या यांचे तारखेसकट स्क्रीनशॉट आत्ताच काढून ठेवा, अपील करताना तेच लागतं. उगाच धमक्या चालूच राहिल्या तर कलम 142 खाली उलट तुम्हाला दावा लावता येतो, पण त्याला वकील हवा आणि खर्चही आहे, एकटीने नका पडू त्यात.

अर्ज अजून मंजूर व्हायचा असेल तर जास्त सोपं. ट्रेडमार्क ऑफिसचं जर्नल दर सोमवारी निघतं, त्यात त्या अर्जाची जाहिरात आल्यापासून चार महिन्यांत विरोध नोंदवता येतो, ऑनलाइन फी एका क्लासला 2700 रुपये. मुदत वाढवून मिळत नाही. ग्रुपमधल्या सगळ्यांनी वर्गणी काढली तर काहीच नाही. नोंद झाली असली तर कलम 57 खाली ती रद्द करायचा अर्ज करता येतो.

फक्त त्यांचा लोगो, त्यांनी स्वतः घडवलेलं वेगळं नाव किंवा त्यांचे फोटो उचलले असतील तर मात्र ते आजच काढा, तिथे त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

आणि नाही, तुम्ही 'खण ज्वेलरी' नोंदवायला जाऊ नका, फी पाण्यात जाईल आणि उद्या हाच मेसेज तुम्ही दुसऱ्या कुणाला पाठवाल! स्वतःचं काहीतरी वेगळं नाव शोधा, ते क्लास 14 मध्ये टाका. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन 4500 रुपये लागतात, नोंद दहा वर्षं चालते, पुढे रिन्यू करता येते. नावापुढे टीएम आजपासून लावलंत तरी चालेल, पण गोलातला आर नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, कलम 107 प्रमाणे त्याला दंड होऊ शकतो. त्या बाईंच्या पेजवर तो गोल आहे का, तेही जरा बघून ठेवा.