डासाच्या गुणसूत्रावर अमुक जीन नेमका कुठे आहे, हे कसं कळतं?

ॲनॉफिलिस डासाला गुणसूत्रांच्या तीनच जोड्या असतात, पण साध्या पेशीत त्या फारच बारीक दिसतात. म्हणून रक्त पिऊन साधारण एक दिवस झालेली मादी घेतात. तिच्या अंडाशयातल्या पोषक पेशींत डीएनएच्या असंख्य प्रती शेजारी शेजारी चिकटून जाड, पट्टेरी गुणसूत्रं तयार झालेली असतात. अंडाशय काचपट्टीवर ठेवून वर पातळ काच, आणि पेन्सिलीच्या खोडरबरानं हलके ठोके! (हात जड पडला की सगळं फिसकटतं.) मग हव्या त्या जीनशी जुळणारा चमकता डीएनएचा तुकडा सोडायचा. तो ज्या पट्ट्यावर चमकेल, तोच जीनचा पत्ता. आफ्रिकेतल्या ॲनॉफिलिस गॅम्बीचा जीनोम 2002 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे तुकडे गुणसूत्रांवर लावायला हीच पद्धत कामी आली.