‘एन-४ पास झाले, पण समोर जपानी माणूस आला की तोंडच उघडत नाही’

जपानी शिकणाऱ्यांच्या समुपदेशनात ही तक्रार पुन्हा पुन्हा येते. इथे दिलेली हकीकत त्यातलीच एक. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करते. शनिवार-रविवारचा क्लास करून तिने जेएलपीटीच्या, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या, एन-५ (सर्वांत सोपी पातळी) आणि एन-४ (तिच्या वरची) या दोन्ही पातळ्या पहिल्या फटक्यात काढल्या. साहजिकच साहेबांनी तिला जपानी ग्राहकाबरोबरच्या ऑनलाइन मीटिंगला बसवलं. तिथे स्वतःची ओळख करून दिल्यावर ती जी गप्प झाली, ती शेवटपर्यंत. बाकी सगळं दुभाष्याने निभावलं. “भाषा माझ्या डोक्यात शिरतच नाही बहुतेक. वय झालं का हो?” वय एकोणतीस!

वयाचा मुद्दा आधी बाजूला काढावा लागला. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षा नसते, निबंध-पत्र लिहिण्याचीही नसते. सगळे प्रश्न पर्यायांचे. एन-४ ला १८० पैकी ९० गुण लागतात. त्यात भाषाज्ञान आणि वाचन मिळून १२० पैकी किमान ३८ आणि श्रवणात ६० पैकी किमान १९ हवेत. म्हणजे तोंडातून चकार शब्द न काढता प्रमाणपत्र हातात पडतं. जे कधी गिरवलंच नाही ते येत नाही म्हणून ती स्वतःला बोल लावत होती.

मग तिला एक साधं वाक्य जपानीत बोलायला सांगितलं: ‘मी उद्या पुण्याहून टोकियोला विमानाने जाते.’ बराच वेळ शांतता. कारण विचारल्यावर कळलं, ती आधी इंग्रजी वाक्य जुळवते आणि मग ते उलटं फिरवते. हा द्राविडी प्राणायाम मराठी माणसाने करायचं कारणच नाही. ‘वाताशि-वा आशिता पुने-कारा तोओक्योओ-ए हिकोओकि-दे इकिमासु.’ मी, उद्या, पुण्याहून, टोकियोला, विमानाने, जाते: क्रम तोच, क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. ‘कारा’ म्हणजे हून, ‘मादे’ म्हणजे पर्यंत, ‘नो’ म्हणजे चा-ची-चे. सगळंच असं जुळत नाही. कर्त्यामागे लागणाऱ्या ‘वा’ आणि ‘गा’ या प्रत्ययांतला फरक मराठीतून सुटत नाही. तिथे नियम घोकण्यापेक्षा वाक्यंच कानात बसू द्यावीत.

पण तिची खरी अडचण व्याकरणाच्या बाहेर होती. मीटिंगमध्ये ग्राहक तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, सोपी करून सांगत होते आणि त्यामुळे ती आणखी घाबरत गेली. ते असं का करत होते? कारण ती मान खाली घालून, टिपणं घेत, अगदी शहाण्या विद्यार्थिनीसारखी ऐकत होती. जपानी संभाषणात ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये ‘हाय’ (हो), ‘ए’ (हं), ‘सोओ देसु का’ (असं का) म्हणत राहायचं असतं. याला ‘आइझुचि’ म्हणतात. आजीच्या गोष्टीला हुंकार दिला नाही तर आजी थांबून “झोपलास का रे?” विचारते, तसंच हे. बोलणारा वाक्यात जरा थांबला की तिथे हुंकार द्यायचा, त्याच्या शब्दांवर नाही. आणि समोरच्याचं ‘हाय’ म्हणजे ‘मान्य आहे’ असं समजून कामाला लागायचं नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘ऐकतोय’ एवढाच असतो. उलट ‘चोत्तो मुझुकाशिइ देसु ने’, म्हणजे ‘जरा अवघड आहे’, हा बहुतेक वेळा नकार असतो. मीटिंगमध्ये त्यावर दुभाष्याकरवी तोच प्रस्ताव पुन्हा मांडला गेला होता.

आणखी एक चूक मराठी सौजन्यातून आलेली. ओळख करून देताना आपल्या साहेबांचा उल्लेख तिने ग्राहकासमोर ‘पाटील-सान’, म्हणजे ‘पाटीलसाहेब’, असा केला होता. बाहेरच्या माणसापुढे आपल्या कंपनीतल्या कोणालाही, अगदी संचालकांनाही, ‘सान’ लावत नाहीत. नुसतं ‘पाटील’. जीभ अडखळते खरी, पण सवय होते. समोरच्याला ‘आनाता’ (तुम्ही) म्हणणंही टाळावं. आडनाव अधिक ‘सान’ पुरतं.

सरावासाठी तिला एकच गोष्ट दिली, शॅडोइंग. पाठ्यपुस्तकातला ३० ते ४० सेकंदांचा संवाद घ्यायचा, ज्याची संहिता हाताशी आहे. आधी न बघता ऐकायचा, मग संहिता बघून अडलेले शब्द सोडवायचे, आणि मग ध्वनिमुद्रणाच्या मागोमाग, अगदी अर्ध्या सेकंदाच्या अंतराने, मोठ्याने म्हणायचा. रोज १० मिनिटं, आठवडाभर तोच तुकडा. शेवटच्या दिवशी मोबाइलवर आपला आवाज मुद्रित करून मूळ तुकड्याशी ताडून पाहायचा. हे फसतं ते दोन कारणांनी: तुकडा लांबलचक घेतला की लोक पुटपुटायला लागतात, आणि अ‍ॅनिमेतला, म्हणजे जपानी कार्टूनमधला, घेतला की ‘ओरे’ (मी), ‘ओमाए’ (तू) अशी अरेतुरेची भाषा तोंडात बसते. ग्राहकापुढे ती निघाली तर पंचाईत. सुरुवातीला ‘देसु-मासु’ची, म्हणजे आदराची, रूपंच बरी.

तारखांवर मात्र वेगळा वेळ द्यावाच लागला. ‘योक्का’ म्हणजे चार तारीख, ‘योओका’ म्हणजे आठ. माल पाठवायच्या तारखेत चार दिवसांचा घोळ याच एका जोडाक्षराने होतो. आपल्याला मका आणि मक्का यांतला फरक बोलताना सहज येतो, तो इथे वापरायचा, आणि खात्रीसाठी वार जोडायचा: ‘योओका, मोकुयोओबि देसु ने?’ आठ तारीख, गुरुवार, बरोबर ना? अशी उलट खात्री करून घेणं जपानी कार्यालयात चांगलंच मानतात. त्यात कमीपणा नाही. मोठ्या रकमांसाठी मिलियनच्या वाटेला जाऊच नये. जपानी मोजणी दहा हजारांवर, म्हणजे ‘मान’वर चालते. लाखांच्या आकड्याला दहाने गुणा आणि ‘मान’ लावा: ३ लाख म्हणजे ३० मान, १ कोटी म्हणजे १००० मान.

पुढच्या मीटिंगला तिच्यासमोर कागदावर दोनच वाक्यं होती: ‘मोओ इचिदो ओनेगाइ शिमासु’ (पुन्हा एकदा सांगा) आणि ‘काकुनिन सासेते कुदासाइ’ (खात्री करून घेते). दोन्ही तिने वापरली. दुभाषी होताच, आणि अजून काही काळ असायलाच हवा. करारातल्या अटी एन-४ च्या बळावर बोलायच्या नसतात.

जाताना तिने विचारलं, “मग एन-३ चा फॉर्म भरू की नको?” जरूर भरा. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते आणि नावनोंदणी काही महिने आधीच बंद होते. फक्त तयारीच्या धांदलीत शॅडोइंगची १० मिनिटं कापू नका. कांजीच्या, म्हणजे चिनी चित्रलिपीतल्या अक्षरांच्या, वेळातली कापा.