थेंब चालू आहेत, तरी प्रेशर का उतरत नाही?

काचबिंदूच्या एका काकूंचं डोळ्याचं प्रेशर २६ च्या खाली येईना. निरोगी डोळ्यात ते साधारण १० ते २१ च्या दरम्यान असतं (मिलिमीटर पाऱ्यात). रात्री लॅटॅनोप्रॉस्ट आणि दोन वेळा टिमोलॉल, प्रेशर उतरवणारे दोन्ही थेंब चालू होते. "रोज न चुकता घालते हो. आता ऑपरेशनच करावं लागणार का?"

आधी त्यांना नुसत्या अश्रूथेंबांची बाटली देऊन थेंब घालून दाखवायला सांगितलं. हे प्रत्येक रुग्णाकडून करून घ्यायलाच हवं. पहिला थेंब पापणीच्या केसांवर पडला, म्हणून आणखी दोन घातले. मग डोळे मिचकावले, पदराने पुसले. दुसऱ्या औषधाचा थेंबही घरी लगेच पाठोपाठ घालत होत्या.

डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही, बाकीचा गालावर ओघळतो. मिचकावलं की औषध नाकात उतरतं. घशाला कडू लागतं ते त्यामुळेच. टिमोलॉल तिथून रक्तात गेलं तर दमा उसळू शकतो, नाडी मंदावते. असा त्रास असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगायला हवा. पाठोपाठचा थेंब पहिल्याला धुऊन काढतो, म्हणून मध्ये किमान पाच मिनिटं थांबायचं.

काकूंना आडवं पडून घालायला शिकवलं. हात धुवायचे, खालची पापणी ओढून खिसा करायचा, बाटलीचं टोक कुठेही न टेकवता एकच थेंब सोडायचा. डोळा हलकेच मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. हात थरथरत असेल तर मनगट कपाळावर टेकवावं.

आणखी एक गोष्ट निघाली. लॅटॅनोप्रॉस्टची अडीच मिलीची बाटली, दोन्ही डोळ्यांत रोज एकेक थेंब घातला तर महिनाभर पुरते. त्यांची पंधरवड्यात संपायची आणि नवी येईपर्यंत डोळे औषधाविनाच. त्या म्हणाल्या, "थेंबांनी दिसण्यात काही फरकच पडत नाही, मग चार दिवस राहिले तर काय?" फरक पडणारच नाही. थेंब नजर वाढवत नाहीत, प्रेशर उतरवून नजरेची उरलेली नस जपतात. गेलेली नजर परत येत नाही, आणि जाताना बहुधा दुखतही नाही.

पुढच्या तपासणीत त्याच औषधांवर प्रेशर १७ आलं. काचबिंदू घराण्यात चालतो, म्हणून सोबत आलेल्या धाकट्या बहिणीचे डोळेही त्याच दिवशी तपासून घेतले.