निळ्या शिक्क्याची १९५७ची एक डॉलरची नोट सापडली आहे. शिक्क्याचा रंग वेगळा म्हणजे ती दुर्मीळ का? आणि शाई खरी आहे हे घरी कसं तपासायचं?

रंगावरून नोटेचा प्रकार कळतो, किंमत नाही. १९२९पासून चलनात आलेल्या लहान आकाराच्या नोटांत निळा शिक्का म्हणजे सिल्व्हर सर्टिफिकेट, लाल म्हणजे युनायटेड स्टेट्स नोट, हिरवा म्हणजे नेहमीची फेडरल रिझर्व्ह नोट आणि तपकिरी बहुतेक १९२९च्या नॅशनल बँकांच्या नोटांवर. तुमच्या नोटेवर, म्हणजे सिल्व्हर सर्टिफिकेटवर, चांदी देण्याचं वचन छापलेलं असेल, पण ती सोय २४ जून १९६८ला संपली. आज तिच्यावर चांदी मिळत नाही, एक डॉलर मात्र नक्की मिळतो. १९५७च्या नोटा भरमसाट छापल्या गेल्या, त्यामुळे वापरलेल्या नोटेला दर्शनी किमतीपेक्षा थोडंच जास्त मिळतं. अगदी कोरी करकरीत असेल तर काही डॉलर. अनुक्रमांकाच्या सुरुवातीला तारा असेल तर ती खराब झालेल्या नोटेच्या जागी छापलेली बदली नोट. तिला जरा बरा भाव मिळतो.

खरा पैसा आहे तो निळा शिक्का असलेल्या, पण सिरीज १९२८ किंवा १९३४ लिहिलेल्या एक डॉलरच्या नोटांत. तपकिरी शिक्का आणि पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘हवाई’ असलेली नोटही बघण्यासारखी. जपानने हवाई बेटं घेतली तर तिथला पैसा लगेच बाद ठरवता यावा म्हणून १९४२मध्ये त्या काढल्या होत्या. म्हणून नोटेवर छापलेलं सिरीजचं (मालिकेचं) वर्ष आधी वाचा, शिक्का नंतर.

आता शाई. नोटेचं चित्र दोन्ही बाजूंना कोरीव प्लेटवरून छापलेलं असतं. खाचांत भरलेली शाई प्रचंड दाबाने कागदावर उचलली जाते, म्हणून नोटेवरच्या वॉशिंग्टनच्या चित्रात कोटावरून नख हलकेच फिरवलं की खरखर लागते. शिक्का आणि अनुक्रमांक मात्र नंतर वेगळ्या छपाईने चढवलेले असतात, तिथे खरखर नसली तरी घाबरू नका. दहापट भिंगातून पाहा: खऱ्या नोटेत रेषा सलग दिसते, प्रिंटरवर काढलेल्या नकलेत रंगीत ठिपके दिसतात. कागदात विखुरलेले लाल-निळे धागे पिनेच्या टोकाने उचकता येतात. छापलेले असतील तर ते हलत नाहीत. चांगल्या नोटेवर हा शेवटचा प्रयोग करू नका म्हणजे झालं.

हिरव्याऐवजी निळसर किंवा पिवळट पाठ दिसली की लोक ‘छपाईतली चूक’ म्हणून हजारो मागतात. बहुतेक वेळा साबण, ब्लीच किंवा आम्लाने मूळ रंग बदललेला असतो, आणि अशी नोट संग्राहकाच्या दृष्टीने खराबच. तसाच प्रकार लाल ‘आर’ किंवा ‘एस’ अक्षराच्या सिरीज १९३५-ए लिहिलेल्या नोटांचा. १९४४मध्ये कागदाच्या चाचणीसाठी दोन्ही काढल्या होत्या, आणि साध्या नोटेवर ते अक्षर उमटवणं सोपं आहे. त्यामुळे अक्षर पाहण्याआधी क्रमांक जुळवा: ‘आर’ची मालिका एस७०८८४००१सी ते एस७२०६८०००सी, ‘एस’ची एस७३८८४००१सी ते एस७५०६८०००सी. तारा नसलेला क्रमांक या पट्ट्यांबाहेर असेल तर पुढे वेळ घालवू नका.

पिवळट, कडक, कुरकुरीत कागदावरची १८४०ची ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ची हजाराची नोट, क्रमांक ८८९४, कुणी दाखवली तर ती शोभेची नक्कल आहे. त्याच कागदावर कॉन्फेडरेट (अमेरिकी यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या) नोटांच्याही नकला निघतात.

तुमची नोट धुऊ नका, इस्त्री करू नका. इस्त्रीने घडी झाकली जाते, पण छपाईचा उठाव सपाट होतो आणि जाणकार ते लगेच ओळखतात. पीव्हीसीच्या पाकिटाऐवजी पॉलिएस्टरचं पाकीट घ्या, लॅमिनेशन तर नकोच. मधली एक घडी कोऱ्या नोटेचा दर्जा घालवते. प्रमाणपत्रासाठी ग्रेडिंग कंपनीकडे (नोट तपासून तिचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे) पाठवण्याचा खर्च साध्या १९५७च्या नोटेच्या किमतीपेक्षा जास्त येईल, तेव्हा त्या फंदात पडू नका.