नऊ जणांसाठी खासगी गाइड: पूर्ण दिवस घ्यावा की अर्धा?

प्रश्न: सुट्टीत आम्ही नऊ जण एका परक्या शहरात दोन दिवस थांबणार आहोत. मी, माझे यजमान, आमची १४ आणि ६ वर्षांची मुलं, सासू-सासरे, आणि दीर-जाऊ त्यांच्या तीन वर्षांच्या मुलासह. सासूबाईंचे गुडघे दुखतात. शहर दाखवणारी बसची सहल आहे, तिच्यात दोन ठिकाणांची प्रवेश तिकिटं धरलेली आहेत. खासगी गाइड गाडीसकट पूर्ण दिवस घेतला तर त्या बसच्या १० सीटांचे पैसे पडतात, चार तासांसाठी घेतला तर ६ सीटांचे. दोन्हींत तिकिटं वेगळी, ती सगळ्यांची मिळून २ सीटांएवढी होतील. पूर्ण दिवस घ्यायचा तर वर्षअखेरच्या विमा हप्त्यासाठी ठेवलेल्या रकमेला हात लावावा लागेल. हे म्हणतात, एवढं जातोच आहोत तर हात आखडता कशाला. काय करावं?

उत्तर: चार तासांचा खासगी गाइड घ्या आणि तो पहिल्याच दिवशी सकाळी घ्या. पूर्ण दिवसाचा नको. हप्त्याचे पैसे आहेत तिथेच राहू द्या. विम्याच्या हप्त्याची तारीख ठरलेली असते आणि तो चुकला तर संरक्षण खंडित होऊ शकतं. सहलीची हौस त्या रकमेतून भागवायची नसते.

आता हिशेब. तुम्ही मनात नऊ माणसं धरून तुलना करत असाल, पण बससाठी तुम्ही नऊ नाही. सहा मोठी माणसं, १४ वर्षांच्या मुलाला पूर्ण आकार, सहा वर्षांच्याला साधारण अर्धा आणि तीन वर्षांच्याला मोफत असं धरलं तर तुमचा आकडा साडेसात सीटांचा होतो. मुलांसाठीची वयोमर्यादा जागोजागी वेगळी असते, तेवढी तपासून घ्या. चार तासांचा गाइड ६ आणि तिकिटं २, म्हणजे ८. पूर्ण दिवस १० आणि २, म्हणजे १२. बस आणि अर्धा दिवस यांत अर्ध्या सीटचा फरक आहे. अर्धा आणि पूर्ण दिवस यांत ४ सीटांचा. खासगी सहल परवडते का, हा तुमचा प्रश्न इथेच सुटतो. खरा प्रश्न उरतो तो दुपारनंतरच्या तासांचा.

तिकिटांबद्दलही एक गोष्ट सांगतो. बसच्या सहलीत ती दरात मिसळलेली असतात, त्यामुळे ज्येष्ठांची सवलत किंवा लहान मुलांचा मोफत प्रवेश तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही. तिकिटं स्वतः काढलीत तर ज्या सवलती लागू होतील त्या थेट मिळतात. तुमच्याकडे दोन ज्येष्ठ आणि तीन मुलं आहेत. त्या २ सीटांच्या खर्चातून काहीतरी वाचू शकेल, कदाचित बसशी असलेला फरकही पुसला जाईल.

आता त्या दुपारकडे या. खासगी गाइडचे पैसे तासांवर जातात, माणसांवर नाही. म्हणून गटातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला किती तास झेपतील, ते आधी ठरवा आणि तेवढेच विकत घ्या. तुमच्याकडे अशी दोन माणसं आहेत, सासूबाई आणि तीन वर्षांचं बाळ, आणि दोघांची थकायची वेळ साधारण एकच असणार: दुपारच्या जेवणानंतरची. चार वाजता बाळ झोपेला आलेलं, सासूबाई पायऱ्या बघूनच गाडीत बसून राहिलेल्या, आणि गाइड मात्र तिसऱ्या वास्तूचा इतिहास सांगतोय. पूर्ण दिवसाचे पैसे भरलेले असले की अशा वेळी कुणीही ‘आता परत जाऊ’ म्हणत नाही. पैसे वसूल करायच्या नादात सगळ्यांची संध्याकाळ जाते, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळही. गेलेला पैसा परत येत नसतो, म्हणून पुढचा निर्णय त्याच्याकडे बघून घेऊ नये, हे गुंतवणुकीत आम्ही आर्थिक सल्लागार सतत सांगतो. सहलीत ते पाळणं जास्त अवघड जातं, कारण तिथे सगळं कुटुंब साक्षीला असतं. त्यापेक्षा मुळात कमी तास घेणं सोपं.

पहिली सकाळ का, तर गाइडकडून मिळणारी माहिती उरलेल्या दीड दिवसात वापरता येते. कुठल्या भागात पायी फिरावं, कुठल्या रांगेत उभं राहू नये, सासूबाईंना लिफ्टने नेता येईल अशी दारं कुठली, हे सगळं पहिल्या दिवशी विचारून ठेवा. शेवटच्या दिवशी तेच ज्ञान कामाचं राहत नाही. मात्र वार नक्की करण्यापूर्वी जे बघायचंच आहे ते त्या दिवशी उघडं आहे ना, ते पाहा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, ताजमहाल शुक्रवारी. अशा दिवशी घेतलेला गाइड बाहेरूनच इमारत दाखवणार.

गाडीचा मुद्दा छोटा आहे, पण नऊ जणांच्या गटात हमखास चुकतो. गाइडला आणि ड्रायव्हरला सीट लागते. म्हणजे तुम्हाला निदान ११ सीटांची गाडी हवी, शिवाय बाळासाठी कार सीट. कमी सीटांची गाडी सांगितली असेल तर ऐनवेळी दोन गाड्या होतात, आणि गाइड त्यांतल्या एकाच गाडीत बसतो. दुसऱ्या गाडीतल्यांसाठी ती नुसती टॅक्सी.

‘खासगी सहल’ म्हणून नेमकं काय विकलं जातंय, तेही विचारा. कधी तो माहितगार ड्रायव्हर असतो. रस्त्यावरून जाताना तो छान सांगतो, पण वास्तूच्या आत येत नाही. अनेक देशांत स्मारकांच्या आणि संग्रहालयांच्या आत माहिती सांगायला परवानाधारक गाइडच लागतो. ब्रिटनमध्ये ब्लू बॅज ही अशा गाइडांची मान्यताप्राप्त ओळख आहे. इतर ठिकाणी परवाना पर्यटन खातं किंवा स्थानिक प्रशासन देतं. परवाना क्रमांक मागायला संकोच करू नका. मला विचाराल तर गाडी साधी असली तरी चालेल, गाइड चांगला हवा. तुमच्या १४ वर्षांच्या मुलाला एखादी गोष्ट आयुष्यभर लक्षात राहिली, तर ती गाडीमुळे राहणार नाही.

फुकटातले पर्यायही पाहून टाकू. ग्लोबल ग्रीटर नेटवर्कमधले स्थानिक स्वयंसेवक पाहुण्यांना आपला परिसर मोफत दाखवतात. ही कल्पना १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली आणि ती मला मनापासून आवडते. पण तिथे गट सहा जणांपर्यंतचाच घेतात, तुम्ही नऊ आहात. ‘फ्री वॉकिंग टूर’ नावालाच मोफत असते. तिथला गाइड शेवटी मिळणाऱ्या बक्षिसीवर जगतो, आणि सात-आठ जणांनी मान राखून द्यायचं ठरवलं तर रक्कम लहान राहत नाही. वर दोन-अडीच तास सलग चालणं आणि उभं राहणं, जे सासूबाईंना जमणार नाही.

पैसे कोण भरणार याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मीच विषय काढतो. निघण्यापूर्वी दिरांशी बोलून घ्या. माझ्या कामात मी पाहतो की एकत्र सहलीतले मोठे खर्च कुणालाच खुपत नाहीत; कधीच न बोललेले मधले खर्च मात्र वर्षानुवर्षं मनात राहतात. गाइड आणि गाडीचा खर्च दोन्ही घरांत निम्मा-निम्मा वाटा. तुम्ही चार आणि ते तीन असलात तरी गाइडचा दर त्याने बदलत नाही. तिकिटं ज्याची त्याने काढावीत, आणि सासू-सासऱ्यांची दोघा भावांनी मिळून. त्यांना स्वतः द्यायचे असतील तर देऊ द्या, त्यांनाही त्यात समाधान असतं.

बुकिंग करताना दर लेखी घ्या: कर धरून की कर सोडून, ठरलेले तास कुठून मोजले जाणार, हॉटेलपासून की पहिल्या ठिकाणापासून, आणि वेळ वाढली तर तासाला किती. मधे खरेदीच्या दुकानात थांबणार नाही, हेही त्यातच लिहून घ्या. तिथे बऱ्याचदा कमिशन असतं आणि वेळ तुमचा जातो, चार तासांतला अर्धा तास ही लहान गोष्ट नाही. सगळी रक्कम आधी कुणाच्या वैयक्तिक खात्यात पाठवू नका. थोडी आगाऊ आणि उरलेली सहल झाल्यावर, असं बहुतेक चांगले गाइड मान्य करतात. परक्या चलनात कार्ड वापरताना मशीन ‘तुमच्या चलनात देता का’ असं विचारेल, तेव्हा स्थानिक चलनच निवडा. तुमच्या चलनात रूपांतर करून देण्याचा दर सहसा महाग असतो.

रद्द करण्याच्या अटी बसपेक्षा इथे कडक असू शकतात, कारण गाइडने तो दिवस फक्त तुमच्यासाठी राखून ठेवलेला असतो. तुमच्यासोबत लहान बाळ आणि ज्येष्ठ आहेत, कुणाला तरी ताप येऊ शकतो. म्हणून आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येणारं किंवा निदान दुसऱ्या सकाळी हलवता येणारं बुकिंग थोडं महाग मिळालं तरी घ्या. त्याला अर्धी सीट जास्त मोजावी लागली तरी माझी हरकत नाही. नावावर काढलेली प्रवेश तिकिटं मात्र बहुधा परत होत नाहीत, ती सगळ्यांत शेवटी काढा.

आणि चार तासांसाठी गाडीसकट कुणी तयार झालं नाही, तर पूर्ण दिवसाकडे वळू नका. फक्त गाइड घ्या, जवळजवळची दोनच ठिकाणं निवडा, आणि सासू-सासऱ्यांसाठी जाता-येता टॅक्सी करा.