दान दात्याचे, जोखीम शेतकऱ्याची

प्रश्न : बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानाने आफ्रिकेतील शेतीसाठी कोट्यवधी डॉलर दिले, तरीही त्यावर टीका होते. कोणी पदरमोड करून गरीब शेतकऱ्याला मदत करीत असेल, तर त्यात अनैतिक काय?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ही निव्वळ पदरमोड नसते, हे आधी नोंदवू. अमेरिकेत अशा देणग्यांना करसवलत मिळते. म्हणजे एरवी सरकारी तिजोरीत गेली असती अशी काही रक्कम त्यात असतेच. पण खरा आक्षेप याहून मोठा आहे.

गेट्स आणि रॉकफेलर या दोन प्रतिष्ठानांनी २००६ मध्ये आफ्रिकेतील हरितक्रांतीसाठी ‘आग्रा’ ही संस्था उभी केली. २०२० पर्यंत तीन कोटी अल्पभूधारक कुटुंबांचे उत्पादन आणि उत्पन्न दुप्पट करण्याचे उद्दिष्ट तिने पुढे जाहीर केले. मार्ग आपल्या परिचयाचा होता : सुधारित व संकरित बियाणे, रासायनिक खते आणि ती विकणारी गावोगावची दुकाने. संकरित मक्याचे घरचे दाणे पुढच्या हंगामात पेरले तर पूर्वीसारखे पीक येत नाही, म्हणून दरवर्षी नवी पिशवी विकत आणावी लागते. त्यात खत उधारीवर घेतलेले असावे आणि पावसाने दडी मारावी, म्हणजे देणगीदार पुढच्या प्रकल्पाकडे वळायला मोकळा आणि उधारी शेतकऱ्याच्या नावावर, ही स्थिती आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देणगीदारांनीच करवून घेतलेल्या मूल्यमापनात शेतकऱ्यांचे उत्पन्न आणि अन्नसुरक्षा वाढवण्याचे मुख्य उद्दिष्ट साधले नसल्याचे नमूद आहे.

खासगी पैसा शेतीत येऊच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. नॉर्मन बोरलॉग यांच्या मेक्सिकोतील गहू संशोधनामागे रॉकफेलर प्रतिष्ठानच होते. त्या गव्हाचे १८,००० टन बियाणे १९६६ मध्ये भारतात आले, तेव्हा निर्णयाची जबाबदारी कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्यावर होती आणि त्यांना संसदेत विरोधकांना तोंड द्यावे लागत होते. त्या धोरणाचे दुष्परिणामही झाले, पण जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक होते. ‘आग्रा’च्या बाबतीत २०२१ मध्ये आफ्रिकेतील शेतकरी व नागरी संघटनांच्या आघाडीने निधी थांबवण्याची मागणी थेट देणगीदारांकडे केली, ती मान्य करण्याचे किंवा तिला उत्तर देण्याचेही बंधन त्यांच्यावर नव्हते.